‘कागद आणा’ म्हणणाऱ्यांना सांगायचं काय? देहविक्री करणाऱ्या बायकांची सुरक्षितता आणि २०२२ चा आदेश

मीरा_स (धागाकर्ती)

१९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कार खटल्यात एक आदेश दिला. ‘वेश्याव्यवसाय आता कायदेशीर’ असे मथळे दोन दिवस फिरले आणि विषय मागे पडला. मथळे चुकीचे होते. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने हा व्यवसाय करणं आपल्याकडे त्याआधीही गुन्हा नव्हतं. आदेशात जे खरं मोलाचं होतं ते फार थोड्यांपर्यंत पोचलं. चौकीतल्या हवालदारापर्यंत तर आजही पोचलेलं दिसत नाही. म्हणून हा धागा.

मी पुण्यात बुधवार पेठेत कागदपत्रांची कामं करणाऱ्या एका गटाबरोबर जाते. आधार, रेशन, बँक खातं, मुलांचे दाखले. अर्ज भरायचे आणि खिडकीपर्यंत सोबत जायचं, एवढंच काम.

खटल्याची पार्श्वभूमी अशी. १९९९ साली कोलकात्यात देहविक्री करणाऱ्या एका बाईला एका माणसाने मारून मारून ठार केलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम केली. पण तिथे न थांबता, या बायकांना सन्मानाने जगता यावं म्हणून काय करायला हवं हे सांगण्यासाठी ज्येष्ठ वकील प्रदीप घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीत कोलकात्याच्या दरबार महिला समन्वय समितीलाही, म्हणजे देहविक्री करणाऱ्या बायकांच्या संघटनेलाही, जागा होती, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्याच बायका टेबलाशी बसल्या होत्या. समितीच्या शिफारशींवर कायदा करू, असं केंद्र सरकार सांगत राहिलं. तो काही झाला नाही. शेवटी २०२२ मध्ये न्या. नागेश्वर राव, न्या. गवई आणि न्या. बोपन्ना यांच्या पीठाने घटनेच्या कलम १४२ खालचा अधिकार वापरून सांगितलं, की कायदा होईपर्यंत हे पाळा.

काय पाळायचं? तिच्यावर बलात्कार झाला तर इतर कुठल्याही स्त्रीला मिळते ती सगळी मदत तिलाही ताबडतोब मिळाली पाहिजे. तिच्या अंगावर हात टाकायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. छाप्याच्या बातमीत तिचा चेहरा दाखवायचा नाही. निरोध सापडले म्हणून ते गुन्ह्याचा पुरावा धरायचे नाहीत. आई धंदा करते एवढ्याच कारणावरून मूल तिच्यापासून तोडायचं नाही. आणि ज्यांच्याकडे राहण्याचा पुरावा नाही त्यांना राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या किंवा नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार द्यायचं. तेही अशा रीतीने की कार्डावरून वा क्रमांकावरून ती कोण हे कुणाला कळू नये.

आता गल्लीतलं सांगते. चाळिशीतली एक बाई आहे. तिच्या सगळ्या कागदांची मिळून एक पिशवी आहे, साडीच्या दुकानातली, चेन असलेली. त्यात दवाखान्याचं कार्ड, लस घेतल्याचं प्रमाणपत्र, रोज पैसे गोळा करणाऱ्या माणसाची वही आणि मुलाचा तिसरीचा निकाल. वर्षानुवर्षं एकाच खोलीत राहते, पण तिथे राहते याचा कागद नाही. घरवालीकडे भाडेपावती मागितली की ती नाही म्हणते. तिचंही खरं आहे, कारण पावती दिली तर ती कुंटणखाना चालवते याचा लेखी पुरावाच तिने स्वतःच्या हाताने दिला असं होतं. पावती नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून रेशन नाही, खातं नाही. खातं नाही म्हणून साठवलेले पैसे कधी घरवालीकडे, कधी ‘मालका’कडे, कधी त्या वहीवाल्याकडे. तो वहीवाला एक दिवस दिसेनासा झाला की तक्रार कशी करणार? तक्रारीच्या कागदावरही पत्ता लागतोच.

हिंसेबद्दल बोलताना आपण गिऱ्हाईकाने केलेली मारहाण धरतो. ती आहेच. पण माझ्या मते तिला सगळ्यात असुरक्षित करते ती ही गोष्ट, की तिच्यावर काहीही झालं तरी ती कुठेच नोंदली जात नाही, हे समोरच्याला पक्कं माहीत असतं.

दुसऱ्या जिल्ह्यांत काम करणाऱ्यांनी, वकिलांनी, शिक्षकांनी कृपया लिहा.

रोखठोक

मीराताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण मनात येतं ते मोकळेपणाने लिहितो. या गल्ल्यांमध्ये किती मुली फसवून, विकून आणलेल्या असतात? नेपाळमधून, बंगालमधून, आपल्याच मराठवाड्यातून. १९९६ मध्ये मुंबईत कामाठीपुऱ्यातून शेकडो अल्पवयीन मुली सोडवल्या होत्या, हे मला चांगलं आठवतं. आधार आणि रेशन देऊन आपण ही व्यवस्था पक्की करतोय असं होत नाही का? खर्च करायचाच तर तिथून बाहेर काढण्यावर करावा.

सातपुडा

नागपूरला वकिली करतो, विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर आहे. रोखठोक यांनी विचारलेलं रास्त आहे, म्हणून आधी कायदा मांडतो.

अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत ‘मर्जी’ हा शब्दच लागू नाही. तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आहे, मानवी तस्करीची कलमं आहेत, आणि त्यात कुणी ढिलाई करावी असं कुणीच म्हणत नाही. धाग्याचा विषय सज्ञान बायका आहेत.

ज्याला पोलीस ‘पिटा’ म्हणतात तो अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६ चा, १९८६ मध्ये त्याचं आजचं नाव आणि रूप झालं. तो धंदा करणाऱ्या बाईला थेट गुन्हेगार ठरवत नाही. पण तिच्या भोवतालची प्रत्येक गोष्ट गुन्हा ठरवतो. कलम ३, कुंटणखाना चालवणं. आता व्याख्या बघा. दोन बायका परस्परांच्या फायद्यासाठी एका जागेत धंदा करत असतील तरी ती जागा कुंटणखाना. म्हणजे सोबतीला मैत्रीण असणं बेकायदा आणि एकटीने अनोळखी माणसाला खोलीत घेणं चालतं. कलम ४, तिच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरची कोणतीही व्यक्ती. त्यात दलाल येतो, तसा तिचा कॉलेजात शिकणारा मुलगाही येऊ शकतो आणि म्हातारी आईही. कलम ७, देऊळ, शाळा, दवाखाना यांपासून २०० मीटरच्या आत धंदा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. आपल्या शहरांत असं ठिकाण दाखवा जिथून २०० मीटरमध्ये यातलं काहीच नाही! कलम ८, इशारे करून गिऱ्हाईक बोलावणं. बायकांना दंड होतो तो बहुतेक याच दोन कलमांखाली.

आणि कलम १७. छाप्यात ‘सोडवलेल्या’ बाईला दंडाधिकारी एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवू शकतात. गुन्हा सिद्ध झालेला नाही, आरोपी नाही, तरी कुलपाआड. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्यासमोर अशाच तीन तरुण मुली होत्या, सगळ्या विशीच्या पुढच्या. खालच्या न्यायालयाने त्यांना वर्षभर उत्तर प्रदेशातल्या वसतिगृहात ठेवायला सांगितलं होतं. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय आणि राहण्याची जागा निवडायचा हक्क आहे, तिच्या मर्जीविरुद्ध तिला डांबता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. माझ्या अशिलांसाठी या निकालाची प्रत मी कायम फायलीत ठेवतो.

आमच्या शहरात ऑगस्ट २०२१ मध्ये गंगाजमुना या देहविक्रीच्या वस्तीभोवती बॅरिकेड लागले, परिसर प्रतिबंधित म्हणून जाहीर झाला. बाजूने मोर्चे, विरोधात मोर्चे, सगळं झालं. त्या दिवसांत माझ्याकडे आलेल्या बायका एकच विचारायच्या, ‘साहेब, पाणी भरायला तरी बाहेर पडू देतील का?’ गिऱ्हाईक थांबलं नाही. ते फक्त लॉजवर आणि हायवेला गेलं, जिथे ओरडलं तरी ऐकायला शेजारीण नाही.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यात एचआयव्ही समुपदेशक आहे. रोखठोकदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडच्या बायकांनी फार आधी देऊन ठेवलंय.

मीना शेषू यांनी सांगलीत संग्राम संस्थेचं एड्स प्रतिबंधाचं काम १९९२ मध्ये सुरू केलं. सुरुवातीला बाहेरून माणसं जाऊन निरोध वाटायची. मग ते काम गल्लीतल्या बायकांनीच हातात घेतलं आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. आमच्याकडे सगळे ‘व्हॅम्प’ म्हणतात. ‘वाचवणाऱ्यांपासून आम्हाला वाचवा’ हे त्यांचं म्हणणं जगभर गेलं. संग्रामने २०१८ साली एक अहवाल काढला. महाराष्ट्रात छाप्यांमध्ये उचललेल्या २४३ बायकांशी बोलून. त्यातल्या १९३ जणींनी, म्हणजे ७९ टक्के बायकांनी सांगितलं की आम्ही स्वतःच्या मर्जीने हे काम करत होतो आणि आम्हाला कुणी सोडवायला नको होतं. उरलेल्या २१ टक्क्यांचं काय, हा तुमचा प्रश्न असणार, आणि तो सोडून देता येणार नाही.

त्यासाठीच गल्लीतल्या बायका लागतात. नवी मुलगी आली की पहिल्यांदा कळतं कुणाला? पोलिसांना नाही, आम्हाला नाही. समोरच्या दारातल्या बाईला कळतं. मुलगी लहान आहे, रडतेय, जेवत नाही, हे तिला त्याच संध्याकाळी दिसतं. तिला पोलिसांचं भय नसेल तर ती आमच्या साथी कार्यकर्तीला (याच बायकांमधून नेमलेल्या कार्यकर्तीला) सांगते, घरवालीला जाब विचारते, मुलीला बाहेर काढते. पण चौकीत गेल्यावर ‘तूच धंद्याला लावली असशील’ म्हणून तिलाच बसवून ठेवत असतील तर ती तोंड का उघडेल? सज्ञान बाईला दिलेला हक्क आणि लहान मुलीची सुटका या दोन गोष्टी तुम्ही समोरासमोर उभ्या करताय. मी इतकी वर्षं बघतेय, पहिली असली तरच दुसरी होते.

निरोधाचंही तसंच. पोलीस पर्स उघडून निरोध दाखवून दम देतात असं कळलं की बाई निरोध जवळ ठेवत नाही. पाच-दहा ठेवायची तिथे एक ठेवते. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक आलं की संपलं. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात संशोधकांनी मांडलं होतं की सेक्स वर्क गुन्ह्याच्या कक्षेतून काढलं तर दहा वर्षांत नवी एचआयव्ही लागण ३३ ते ४६ टक्क्यांनी टळू शकते. औषध नाही, लस नाही, नुसता कायदा बदलून.

एक अजून. या चर्चेत पुरुष आणि तृतीयपंथी सेक्स वर्कर येतच नाहीत. सांगलीत त्यांची वेगळी संघटना आहे, मुस्कान. त्यांना चौकीत जी वागणूक मिळते ती इथे लिहिण्यासारखी नाही.

अबोली

कृष्णाकाठताई, ‘समोरच्या दारातली बाई’ हेच आता राहिलं नाहीये. मुंबईत कामाठीपुरा दरवर्षी आकसत चाललाय, पुनर्विकास येतोय. काम फोनवर, फ्लॅटमध्ये, लॉजवर गेलं. तिथे साथी कार्यकर्ती नाही, निरोधाची पेटी नाही. नवीन त्रास म्हणजे गिऱ्हाईक चोरून व्हिडिओ काढतं आणि मग फुकट बोलवतं, नाहीतर गावी पाठवतो म्हणतं. माझ्या ओळखीच्या एका मुलीने यातच सिमकार्ड बदललं, मग खोली बदलली, शेवटी शहर बदललं. तक्रार केली नाही. यावर कायद्यात काही आहे का?

सातपुडा

आहे. संमतीशिवाय खासगी क्षणांचं चित्रण करणं किंवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत ते ३५४-सी होतं. कृत्याला संमती होती पण चित्रण पसरवण्याला नव्हती, तरीही तो गुन्हाच, हे कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. पैसे घेतले होते, हा बचाव होऊ शकत नाही. व्हिडिओ दाखवून पैसे वा शरीर मागणं हा पुन्हा वेगळा गुन्हा.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने (‘झिरो एफआयआर’) नोंदवून त्यांनीच ती योग्य ठाण्याकडे पाठवायची. बलात्काराची फिर्याद लिहून घ्यायला नकार देणाऱ्या लोकसेवकाला संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. कुठल्याही रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, बलात्कार पीडितेवर विनामूल्य उपचार करायचेच आहेत, नागरिक सुरक्षा संहिता कलम ३९७. चौकीत हे क्रमांक नुसते शांतपणे उच्चारले तरी समोरच्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव. वकील हवा असेल तर विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पायवाट

बरेच दिवस नुसता वाचतो इथे. आज लिहितो.

माझी आई हेच काम करायची. मी मुंबईत गल्लीतच वाढलो. संध्याकाळी सहानंतर आम्हाला खोलीत जागा नसायची. पलंगाखाली झोपलेली मुलं मी पाहिलीत. कामाठीपुऱ्यात प्रेरणा संस्थेने १९८८ मध्ये रात्रीचं पाळणाघर काढलं, त्यानंतर तशी केंद्रं इतरत्रही झाली. अशाच एका केंद्रात मी जेवलो, झोपलो, अभ्यास केला. माझ्या वयाची कितीतरी मुलं त्यामुळे शिकली.

सातपुडा यांनी कलम ४ बद्दल लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या घरात हे कलम जेवणाच्या वेळी बोललं जायचं. मी अठराचा झाल्यावर आईने मला खोलीवर यायला मना केलं. छापा पडला आणि मी तिथे सापडलो तर तिच्या कमाईवर जगणारा म्हणून मला उचलतील, ही तिची धास्ती. माझी फी ती भरत होती, म्हणजे मी तिच्या कमाईवर जगतच होतो. मग आम्ही भेटायचो ते स्टेशनबाहेरच्या हॉटेलात. ती डबा आणायची, चहा मागवायचा म्हणजे बसू देतात. कोणत्या कायद्याने आई-मुलाला असं भेटायला लावावं?

लोक विचारतात, आईने ते का सोडलं नाही. तिने आधी चार घरची धुणीभांडी केली होती. तिथे पगार बुडवला गेला, एका घरात मालकाने हात टाकला. ती म्हणायची, तिथे फुकटात व्हायचं ते इथे पैसे घेऊन. तुम्हाला पटो ना पटो, हिशोब तिचा होता, तिनेच केला होता, आणि त्यावर मी इंजिनिअर झालो.

आता ती माझ्याकडे असते. गुडघे दुखतात. तिच्या नावावर पेन्शन, विमा काहीही नाही, कारण इतकी वर्षं ती काय करत होती याला सरकारदरबारी नाव नाही.

शाळामास्तर

पायवाट, लिहिलंत त्याबद्दल आभार. आईंना नमस्कार सांगा.

माझ्याकडून शाळेपुरतं सांगतो. प्रवेशाच्या वेळी वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी या आया अडखळतात आणि बऱ्याचदा कारकून मोठ्या आवाजात विचारतो, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. आमच्या शाळेत मी हे प्रवेश माझ्या खोलीत, दार लोटून घ्यायला लावले. शिक्षण हक्क कायदा, कलम १४: वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखल्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्येच सांगितलंय की एकट्या आईने प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यायचा, वडिलांचं नाव मागायचं नाही. मुख्याध्यापकांनी हे दोन मुद्दे छापून टेबलाच्या काचेखाली ठेवावेत.

मांडवी

मी गोंयची. आमच्या वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर अशीच मोठी वस्ती होती. न्यायालयाचे आदेश, सरकारची घाई, आणि २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, बुलडोझर लावून खोल्या पाडल्या. तेव्हा मी वास्कोलाच राहायचे. सामान दोरीने बांधून बायका मुलांसकट रस्त्यावर बसल्या होत्या. बऱ्याच जणी कर्नाटक, आंध्रच्या. ‘तुमच्या गावी जा’ म्हणून त्यांना सांगितलं गेलं. गावी घर असतं तर बायणाला कशाला आल्या असत्या?

गोव्यातून धंदा गेला का? तुम्हीच सांगा. तो किनारपट्टीवरच्या भाड्याच्या खोल्यांत, मसाज पार्लरांत पसरला. आधी आरोग्य कार्यकर्त्यांना एका फेरीत सगळ्या भेटायच्या, नंतर कोण कुठे गेली त्याचा पत्ताच लागेना. वस्ती मोडणं म्हणजे सुटका नव्हे, हे नागपूरकरांना आम्ही तेव्हाच सांगू शकलो असतो.

दूरदेशी

ऑकलंडहून लिहितोय. इथे न्यूझीलंडमध्ये २००३ च्या कायद्याने हे काम गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं. कायदा घडवण्यात त्या कामातल्या बायकांची संघटना पहिल्यापासून होती. चारपर्यंत जणी एकत्र, परवान्याशिवाय, कुणीही मालक न ठेवता काम करू शकतात. सातपुडा यांनी सांगितलेल्या कलम ३ च्या व्याख्येच्या बरोबर उलट. पैसे ठरले असले तरी आयत्या वेळी नाही म्हणायचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. २०१४ मध्ये इथल्या मानवी हक्क न्यायाधिकरणाने एका सेक्स वर्करला मालकाकडून झालेल्या लैंगिक छळाबद्दल २५,००० डॉलर भरपाई दिली. म्हणजे तिचं कामाचं ठिकाण हे ‘कामाचं ठिकाण’ म्हणून धरलं गेलं.

सगळं आलबेल नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या बायकांना हे काम करायला मनाई आहे, त्यामुळे स्थलांतरित मुली मार खाऊनही पोलिसांकडे जात नाहीत, देशाबाहेर काढतील या भीतीने. बेल्जियम आणखी पुढे गेलंय. डिसेंबर २०२४ पासून तिथे करारावर काम करणाऱ्यांना आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा आणि निवृत्तिवेतन. पायवाट यांच्या आईंबद्दल वाचताना तेच आठवलं.

रोखठोक

सगळं वाचलं. पायवाट यांचं दोनदा वाचलं. एक प्रश्न मनापासून विचारतो. जिला खरंच बाहेर पडायचंय तिच्यासाठी सरकारकडे काय आहे?

मीरा_स

रोखठोक, आहे त्याचं स्वरूप सांगते. संजय गांधी निराधार योजनेच्या पात्रता यादीत ‘वेश्याव्यवसायातून मुक्त केलेल्या महिला’ आहेत. म्हणजे तुम्हाला कुणीतरी मुक्त केलेलं असावं लागतं, तसा कागद असावा लागतो. स्वतःहून, हळूहळू, वय झालं म्हणून काम कमी करत गेलेल्या बाईला तो कागद कोण देणार? सुधारगृहात शिवणकाम, मेणबत्त्या शिकवतात, पण महिन्याला मुलाच्या वसतिगृहाचे आणि गावी आईच्या औषधाचे पैसे पाठवणाऱ्या बाईचा संसार मेणबत्त्यांवर चालत नाही.

याउलट कोलकात्यात सोनागाछीच्या बायकांनी १९९५ मध्ये स्वतःची उषा सहकारी संस्था काढली. बचत, कर्ज, सगळं त्यांचंच. डॉ. स्मरजित जाना यांनी त्यांना आयुष्यभर साथ दिली, २०२१ मध्ये कोविडने गेले. ज्या बाईकडे सहा महिन्यांचा खर्च स्वतःच्या नावावर साठलेला आहे ती गिऱ्हाईकाला नाही म्हणू शकते, घरवाली बदलू शकते, आणि वाटलं तर बाहेरही पडू शकते. मी बाहेर पडलेल्या ज्या बायका पाहिल्या त्या अशाच पडल्या, बचतीवर. छाप्यात नेलेल्या बहुतेक परत आल्या, डोक्यावर नवं कर्ज घेऊन, कारण सुटण्यासाठी वकिलाचे पैसे घरवालीने भरलेले असतात.

कोविडमध्ये हे फार उघड दिसलं. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता रेशन द्या म्हणून सांगितलं. आपल्या राज्याने ऑक्टोबर ते डिसेंबर महिन्याला ५,००० रुपये जाहीर केले, शाळकरी मुलं असतील तर आणखी २,५००. निर्णय चांगलाच होता, मनापासून चांगला. पण पैसे खात्यातच येणार होते, आणि खातं कितीजणींचं होतं? दुसऱ्याच्या खात्यावर घेतलेल्या पैशांतले निम्मे त्या दुसऱ्यालाच गेले, असं मला एकीने नाही, अनेकींनी सांगितलंय.

म्हणून मी खात्यावर अडून बसते. पण बँकेत गेलं की पुन्हा तेच, ‘पत्त्याचा पुरावा आणा’. आधारसाठीच्या प्रमाणपत्राला वेळ लागतो, तोवर काय करायचं?

पासबुक

बँकेत आहे, त्यामुळे याचं उत्तर देऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ‘छोटे खाते’ म्हणून तरतूद आहे. नेहमीचे ओळखीचे कागद नसले तरी स्वतः साक्षांकित केलेला फोटो द्यायचा आणि अधिकाऱ्यासमोर अर्जावर सही करायची, खातं उघडतं. मर्यादा अशा: कोणत्याही वेळी शिल्लक ५०,००० च्या वर नको, वर्षभरात एकूण जमा एक लाखाच्या आत, महिन्याला काढायची रक्कम १०,००० पर्यंत. बारा महिने चालतं. तेवढ्यात आधार वगैरेसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला की आणखी बारा महिने.

बऱ्याच शाखांत काउंटरवरच्या मुलांना हे माहीत नसतं. वाद घालू नका, थेट शाखाधिकाऱ्यांना भेटा आणि ‘स्मॉल अकाउंट’ असाच शब्द वापरा.

मीरा_स

पासबुक, हे आमच्या गटात कुणालाच ठाऊक नव्हतं. फार उपयोगी पडेल. सहीऐवजी अंगठा चालतो का? आमच्याकडे निम्म्याहून जास्त जणींना सही येत नाही.

पासबुक

चालतो. फक्त तो अधिकाऱ्याच्या समोर उठवलेला हवा, घरून उठवून आणलेला अर्ज घेत नाहीत. एका वेळी चार-पाच जणींना घेऊन जा, महिन्याचे पहिले दहा दिवस टाळा, तेव्हा पेन्शनची गर्दी असते. व्यवसायाच्या रकान्यात ‘स्वयंरोजगार’ लिहा, त्यापुढे कुणी खोदून विचारलं तर सांगायचं बंधन नाही. शाखाधिकारी नाही म्हणाले तर लेखी नकार मागा. लेखी मागितल्यावर बहुतेक वेळा खातं उघडून मिळतं. तरीही अडलं तर मला इथे निरोप टाका, बँकेच्या तक्रार विभागाकडे कसं लिहायचं ते सांगतो.